रुमालाखालचा भाव

सोलापुरात कुणीतरी जुनी गाडी घेताना ऑनलाइन फसलं, ही बातमी आता आतल्या पानावर चार ओळींत येते. व्हॉट्सॲपच्या गटांत मात्र तिच्यावर चाळीस ओळींचं भांडण होतं, आणि ते दर वेळी त्याच दोन चाकोऱ्यांतून जातं. एक बाजू म्हणते, ‘फुकटात पाहिजे होती ना? दोन वर्षांची बुलेट चाळीस हजारांत कोण देतंय?’ दुसरी म्हणते, ‘ही ॲपंच बंद करा, सरकार झोपलंय का?’ मग कुणीतरी ‘शिकलेलेच जास्त फसतात’ एवढं टाकतो, त्याला पाच-सात अंगठे मिळतात आणि गट पुन्हा सुप्रभातकडे वळतो. पुढच्या महिन्यात नवी बातमी, तेच भांडण.

मला दोन्ही बाजूंचं पटत नाही. हा धंदा फसणाऱ्याच्या हावेवर चालतो असं म्हणणं सोपं आहे. पण तो चालतो गुपितावर. गाडी, तिचा कागद, मालक, घेणारा आणि पैसा या पाच गोष्टी पूर्वी एका जागी, चार माणसांच्या देखत जमायच्या. मोबाईलवरच्या जाहिरातीनं त्या पाचही सुट्या केल्या. गाडी एका गावात, कागद फोटोत, मालक फोनवर, पैसा तिसऱ्याच्याच खात्यात. साक्षीदाराला तर कुणी बोलावतच नाही. त्याला परत आणून बसवणं हे घेणाऱ्याचं काम आहे, जाहिरात लावणाऱ्या कंपनीचं आहे आणि शहराचंही आहे. ‘सावध राहा’ म्हणून हात झटकले की यातलं काहीच होत नाही.

माझ्या आतेभावाचं सांगतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे. माणूस इतका चिकित्सक की भाजीवालीच्या तराजूचा काटा वाकून बघतो. मुलीला कॉलेजला जायला स्कूटर हवी होती. जाहिरातींत एक सापडली: पांढरी, पाच वर्षांची, एमएच-१३ पासिंग, जास्वंदीच्या कुंडीशेजारी उभी. भाव ५२ हजार, म्हणजे आजूबाजूच्या जाहिरातींत जो चालला होता साधारण तोच. फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. ‘गाडी जुळे सोलापुरात माझ्या मेहुण्यांकडे आहे. जाऊन बघा, चालवून बघा, आरसी बघा. पसंत पडली तरच पुढं बोलू. फक्त त्यांच्यासमोर पैशाचा विषय काढू नका, आमच्यात जरा देण्याघेण्याचं आहे.’ त्याच माणसानं तिकडे गाडीच्या खऱ्या मालकांना, एका निवृत्त गुरुजींना, वेगळंच सांगितलं होतं. ‘गुरुजी, गाडी मी घेतली असं समजा. माझ्याकडच्या कामगाराला द्यायचीय, तोच बघायला येईल. त्याच्याशी किमतीचं बोलू नका, पगारातनं कापणार आहे, आकडा कळायला नको. पैसे मी टाकतो.’ गुरुजींची मूळ जाहिरात ५५ हजारांची होती. तिच्यातले फोटो उचलून यानं आपली वेगळी जाहिरात लावली होती.

आतेभाऊ गेला. गाडी खरी, आरसी खरी, चेसिस नंबर त्यानं स्वतः ताडून बघितला. गुरुजींनी चहा दिला. दोघं अर्धा तास ॲव्हरेजवर आणि बॅटरीवर बोलले आणि दोघांनीही फोनवर दिलेला शब्द पाळला, पैशाचा विषय काढला नाही. आतेभावानं अंगणात जाऊन फोनवर ४८ हजारांना तोडलं आणि यूपीआय केलं. स्क्रीनवर भलतंच नाव दिसलं तेव्हा त्यानं विचारलंही. ‘आमच्या अकौंटंटचं खातं आहे’ असं उत्तर आलं. मग ओट्यावर येऊन त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला. गुरुजी म्हणाले, ‘पैसे आले की देतो की.’

‘आत्ताच पाठवले.’

‘कुणाला?’

पुढचा तासभर दोन सरळ माणसं एकमेकांना चोर समजत राहिली. तिसऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. आता सांगा, यात हाव कुणाची? भाव बाजाराचा होता. ‘गाडी डोळ्यांनी बघा, कागद तपासा, मालकाला भेटा’ हे तिन्ही सल्ले आतेभावानं पाळले होते, आणि गुरुजींना तर एक रुपयाही जास्त मिळणार नव्हता. मग चुकलं कुठं? दोघं समोरासमोर बसले आणि भाव मोठ्यानं बोलले नाहीत. एवढंच. ‘तुम्ही किती घेताय?’ या एका प्रश्नानं तो डाव ओट्यावरच मोडला असता.

सोलापूरकराला हे समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जनावरांचा बाजार भरतो. कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला भरतो; सांगोल्याच्या बाजारात खिलार बघायला लांबून माणसं येतात. तिथं अजूनही दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबून आकडा सांगितला जातो आणि भोवती उभ्या पन्नास माणसांना भाव कळत नाही. म्हणजे गुपित तिथंही आहे, आणि लबाडी तर होतीच. दोन वेळचं दूध न काढता कास तुंबवून म्हैस उभी करायची, शिंगं साळून, तेल चोपडून म्हातारा बैल तरणा करायचा, गाभण म्हणून भाकड गळ्यात मारायची. पूर्वीचा बाजार इमानदार होता असं मी म्हणणार नाही. ज्यांनी तो बघितलाय तेही म्हणणार नाहीत. पण त्या बाजारात घेणारा बैलाचा जबडा उघडून दात बघायचा, दातांवरून वय ओळखायचा: आदत (अजून दुधाचे दात) की दोन दाती की जुळलेला (सगळे दात आलेला). चालवून बघायचा, जुंपून बघायचा. मधला दलाल दोघांच्या ओळखीतला असायचा. बाजाराची पावती फाटायची. आणि एवढं करून फसगत झालीच, तर तो हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, पुढच्या बाजारी त्याच लिंबाखाली सापडायचा. रुमालाखाली आकडा लपायचा, माणूस लपत नव्हता. आजच्या व्यवहारात आकडा लपतो, माणूस लपतो, आणि बैलाचा तर फोटोच असतो.

हावेचा मुद्दा मात्र सरळ फेटाळता येत नाही, कारण तो काही ठिकाणी लागू पडतो. सैन्यातल्या जवानाच्या नावानं होणारी फसवणूक घ्या. ‘माझी बदली झालीय, बुलेट चाळीस हजारांत देतो, गाडी लष्कराच्या पार्सलनं घरपोच येईल, आधी वाहतुकीचे ३,१५० रुपये भरा.’ मग जीएसटी, मग उशिराचा दंड, मग ‘परत मिळणारं’ डिपॉझिट. इथं आमिष स्वस्ताईचंच आहे, कबूल. पण स्वस्त मिळतंय का बघणं हा गुन्हा कधीपासून झाला? नवी पेठेत घासाघीस न करता कापड घेणारा सोलापूरकर मला दाखवा. जुन्या गाडीला तर सोन्यासारखा रोजचा छापील भाव नसतो. ४० हजार स्वस्त की महाग हे ज्यानं आयुष्यात एकदाच गाडी घ्यायची त्यानं कशावरून ओळखायचं? शिवाय त्या फसवणुकीत काम करतो तो आकडा नव्हेच. काम करतात गणवेशातला फोटो, कॅन्टीन कार्ड आणि ‘जय हिंद सर’. साताऱ्याकडच्या एका गावाच्या, अपशिंग्याच्या, नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. अशा मुलखात जवानाचा शब्द तपासायचा असतो हे कुणाच्या मनात येत नाही. लुटला जातो तो हा विश्वास. आणि पहिले ३,१५० गेल्यावर पुढचे पैसे माणूस हावेपोटी भरत नाही, आधीचे बुडू नयेत म्हणून भरतो. तिथं त्याला लोभी म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याची फार हौस म्हणण्यासारखं आहे.

‘घेणाऱ्यानं जपून घ्यावं’ हे तत्त्व कायद्यातही आहे, असं एका वकील मित्रानं मला सुनावलं. आहे, वस्तू विक्री कायदा १९३० च्या कलम १६ मध्ये. पण त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्याहून जास्त घेणाऱ्याकडे जात नाही. चोरीची गाडी तुम्ही पूर्ण पैसे मोजून, इमानदारीनं घेतली तरी साधारणपणे ती तुमची होत नाही. जपून घेण्याचा हा विचार ज्या काळी रुजला, तेव्हा माल समोर असायचा, विकणाराही समोर असायचा. ज्याचं तोंड बघितलं नाही त्याच्याकडून जपून कसं घ्यायचं, याचं उत्तर त्या कलमात शोधू नये.

आता ॲपवाल्यांची बाजू. तीही कच्ची नाही. रोज एवढ्या जाहिराती येतात, बहुतेक फुकट. त्यांनी दलालाची दलाली वाचवली. बार्शीतल्या माणसाला सोलापुरातली गाडी घरबसल्या दिसली. शिवाय ‘आगाऊ पैसे देऊ नका’ अशी सूचना ते दाखवतात. कायद्यानंही, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नं, मध्यस्थाला काही अटींवर संरक्षण दिलंय, आणि ते रास्त आहे: दवंडी पिटणाऱ्यावर चोरीचा आळ घेऊन चालणार नाही. पण दवंडीवाला हलगी कुणाच्या सांगण्यावरून वाजवतोय हे गावाला माहीत असायचं. वर, हे नुसतं वाजवत नाहीत. कुठली जाहिरात वर, कुठली खाली हे तेच ठरवतात, आणि पैसे घेऊन एखादी पुढं ढकलतातही. मग जास्वंदीच्या कुंडीचा तोच फोटो दोन नावांनी, दोन भावांत दिसतोय हे त्यांच्या यंत्राला दिसत नाही, यावर कसा विश्वास ठेवायचा?

सूचना देऊन काय साधतं याचा एक धडा ताजा आहे. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून झालं. तरी ‘टोकन पाठवतो, रिक्वेस्ट मंजूर करा’ म्हणत गाडी विकणाऱ्यांचीच खाती रिकामी होत राहिली. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे अशी पैशांची मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली. भोकाशेजारी पाटी लावण्यापेक्षा भोक बुजवलेलं बरं, हे तिथं कळलं. गाड्यांच्या जाहिरातीत का कळू नये? परिवहन खात्याची कित्येक ऑनलाइन कामं आज नोंदलेल्या मोबाईलवर ओटीपी आल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. जाहिरात लावताना गाडीचा नंबर घ्यावा आणि तोच ओटीपी मागावा. आतेभावाला गंडवणाऱ्याला गुरुजींच्या गाडीची जाहिरात लावताच आली नसती.

यावर आक्षेप येईल की अनेकांचे नोंदलेले नंबर जुने आहेत, विकणारे कंटाळून दुसऱ्या ॲपवर जातील. जातील काही. म्हणून सक्ती नसेल करायची तर ज्यांनी पडताळणी केली त्यांच्या जाहिरातीवर तसा ठळक शिक्का मारा. खरा मालक या शिक्क्यासाठी नंबर बदलून घेईल, कारण आजच्या गढूळ बाजारात नुकसान त्याचंही होतंय. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० सालीच जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की घेणाऱ्याला चांगली-वाईट गाडी ओळखता आली नाही की तो सगळ्यांनाच वाईटाचा भाव देऊ लागतो, आणि चांगली गाडीवाले बाजार सोडून जातात. त्या विचाराला पुढे २००१ चं नोबेल मिळालं. गुरुजींना ते वाचायची गरज पडली नाही; त्या दिवसानंतर आलेला प्रत्येक फोन त्यांनी संशयानं उचलला.

नियमानं बाजार बदलतो का? आपल्याच मार्केट यार्डात उत्तर आहे. शेतकऱ्याच्या मालाचा भाव आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली ठरवत होते, मापात मारत होते, तेव्हा ‘शेतकऱ्यानं जपून विकावं’ एवढ्यावर कुणी थांबलं नाही. मुंबई प्रांतात १९३९ साली, महाराष्ट्रात पुन्हा १९६३ साली कायदा झाला. परवाना, काटा, उघड लिलाव आणि हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, आली. त्यानं शेतकऱ्याचं सोनं झालं का? नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांद्याचे एका शेतकऱ्याच्या हाती २ रुपये आले. पण वजन, भाव, हमाली, तोलाई, वाहतूक, सगळं त्या पट्टीवर लिहिलेलं होतं, म्हणून तर सगळ्या महाराष्ट्राला जाब विचारता आला. माझ्या आतेभावाकडे जाब विचारायला एक बंद फोन होता.

म्हणून मग ओळखीच्या एजंटाकडूनच गाडी घ्यावी, असं म्हणणाऱ्यांनाही थोडं थांबवतो. मीटर मागं फिरवण्याची कला एजंटांनी ॲपकडून शिकलेली नाही. एका फिटरकडे मी माझ्या मित्राची होऊ घातलेली गाडी घेऊन गेलो होतो. मीटर १८ हजार दाखवत होतं. फिटर खाली वाकला, ब्रेकच्या पॅडलकडे बोट केलं आणि म्हणाला, ‘मालक, काट्याकडं काय बघायलाव, रबराकडं बघा की.’ रबर घासून गुळगुळीत, कडेनं लोखंड दिसत होतं. १८ हजारांत एवढं झिजायला गाडी काय पायानं रेटत नेली होती? मग त्यानं टायरवरचे चार आकडे दाखवले, आठवडा आणि वर्ष. टायर गाडीपेक्षा बरेच नवे निघाले, म्हणजे पहिले झिजून टाकून झाले होते. पुढं त्यानं चेसिस नंबरावर कागद धरला आणि वरून पेन्सिल आडवी फिरवली, लहानपणी आपण नाण्यावर फिरवायचो तशी. आकडे एकेक उमटत गेले. एखादा आकडा ठोकून बदललेला असला तर तो कागदावर वाकडा बोलतो, म्हणाला. बैलाचे दात म्हणतात ते हेच. हे दात फोटोत दिसत नाहीत. तरीही एजंटाच्या लबाडीत आणि ॲपवरच्या लबाडीत मी फरक करतो: एजंटाचं शटर उद्याही तिथंच असतं. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचं, मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद करायची, असा नियमही आहे. ते अधिकारपत्र मागून बघा. उत्तरापेक्षा चेहरा जास्त सांगेल.

विकणाऱ्यानंही ‘दिली एकदाची’ म्हणून झोपू नये. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे कागद घेणाऱ्याच्या हाती सोपवायचे ही आपल्याकडची जुनी खोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. नोंद आपल्याच नावावर राहिली आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. कर्जाची गाडी असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाची नोंद उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढं जाऊ नये. याहून जास्त काथ्याकूट इथं नको, कागदांचं सगळं आरटीओत लिहून लावलेलं असतं.

मला जास्त बोलायचंय ते टिंगलीबद्दल. आतेभावानं तक्रार दोन दिवसांनी केली. पहिला दिवस गुरुजींवर संशय घेण्यात गेला. दुसरा दिवस बायकोला कसं सांगायचं यात. ‘तराजूचा काटा बघणारा माणूस, आणि...’ हे वाक्य ऐकायची त्याची तयारी होत नव्हती. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवलं तर पैसा ज्या खात्यात पोचला तिथंच तो गोठवायचा प्रयत्न होतो; दोन दिवसांत तो चार खाती फिरून एटीएममधून बाहेर पडलेला असतो. म्हणजे गटावर ‘हावरट’ लिहिणारा प्रत्येक जण चोराला वेळ मिळवून देतो. आणि तो क्रमांक लक्षात राहत नाही असं निदान सोलापूरकरानं म्हणू नये. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लागला, त्या वेळच्या आंदोलनापायी चौघं फासावर गेले. त्या चौघांच्या पुतळ्यांवरून रोज जाता-येता हा आकडा आपल्याला पाठ व्हायला हवा.

शहरानं काय करावं, याबद्दल माझी एक साधी मागणी आहे. गड्डा यात्रेला जनावरांसाठी जागा मिळते, भाजीला मंडई मिळते. तशी आठवड्यातून एक सकाळ जुन्या गाड्यांसाठी एखादं मैदान द्या. एक पोलीस, आरटीओचा एक माणूस, एक फिटर, आणि पन्नास-शंभर रुपये पावती. जाहिरात ऑनलाइनच लावा, सौदा तिथं येऊन करा. ‘मोबाईलच्या जमान्यात मैदानावर कोण येणार?’ असं विचारतील. ज्याच्याकडे गाडी आहे तो येईल. ज्याच्याकडे फक्त फोटो आहे तो येणार नाही, आणि आपल्याला तेवढंच कळायला हवं आहे. ते होईतो घेणाऱ्याच्या हातात एकच मैदान आहे, विकणाऱ्याचा ओटा. आरसीवरचं नाव, समोरचा माणूस आणि ज्या खात्यात पैसे जायचे त्या खात्याचं नाव एकच असलं पाहिजे, आणि भाव त्या माणसाच्या तोंडून ऐकू आला पाहिजे. एम-परिवहन या सरकारी ॲपवर मालकाच्या नावातली अक्षरं फुल्या मारून झाकलेली असतात, म्हणून काही अडत नाही. मालक समोर बसलाय, त्यालाच त्याच्या फोनवरची आरसी उघडायला सांगावं. जो म्हणेल ‘तिथं पैशाचं बोलू नका’, त्याचा फोन तिथंच ठेवून द्यावा.

गुरुजींची स्कूटर पुढे त्यांच्याच गल्लीतल्या एकानं घेतली, शेजारी बसवून, नोटा मोजून. आतेभाऊ मुलीला अजून स्वतःच्या गाडीवर सोडतो. परवा त्यानं मला फोनवर एक जाहिरात दाखवली. पांढरी स्कूटर, जास्वंदीची कुंडी, मागं गुरुजींच्या ओट्याची निळी कड. नंबर प्लेट पुसट केलेली. गाडी आता लातूरला आहे म्हणे, भाव ४५ हजार. आम्ही दोघांनी आपापल्या फोनवरून ‘तक्रार करा’ दाबलं. संध्याकाळी बघितलं तर जाहिरात होती तिथंच होती, फक्त भाव ४३ झाला होता.